२.५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घराला कसा जोडावा?

काळोखी_रात्र
सिंगल फेज, २३० व्होल्टचा पोर्टेबल जनरेटर घेतलाय. फ्रिज, सहा दिवे, तीन पंखे, इन्व्हर्टरची बॅटरी आणि जमलं तर १ एचपीची पाण्याची मोटर चालवायची आहे. बाल्कनीत ठेवला तर चालेल का? वर छत आहे, समोरून उघडी आहे. आणि दोन्ही टोकांना प्लग लावलेल्या वायरने १६ अँपिअरच्या सॉकेटमधून अख्ख्या घराला वीज देता येते म्हणतात. मेन स्विच आठवणीने बंद केला तर त्यात धोका काय?

फेज_न्यूट्रल
ती वायर करूच नका. जनरेटर चालू असताना सॉकेटमधलं टोक निसटलं, तर हातात उघड्या पिना आणि त्यांत २३० व्होल्ट. दुसरं म्हणजे सगळा भरवसा तुमच्या आठवणीवर. मेन बंद करायचा राहिला की वीज मीटरमधून उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो, त्यामुळे पलीकडे २३० चे हजारो व्होल्ट होतात आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. त्यातच मेन लाइन आली तर दोन्हींचा फेज जुळत नाही आणि जनरेटरचं वाइंडिंग जळतं.

मीटर-मेन आणि घरातला डीबी (सगळे एमसीबी असतात तो वितरण बॉक्स) यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी मेन लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडलेलं राहतं. टू-पोलच हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. मधली जागा ऑफची. अँपिअर मेन स्विचइतके किंवा जास्त. काम परवानाधारक वायरमनकडूनच. तोवर जनरेटरवरून थेट एक्स्टेन्शन ओढून फ्रिज चालवा, घराच्या वायरिंगला हात लावू नका.

धूर_बाहेर
बाल्कनी नाही. समोरून उघडी असली तरी धूर छताखाली साचतो आणि दारातून आत येतो. खिडकी उघडली, पंखा लावला तरी भागत नाही. घरापासून निदान ६ मीटर लांब ठेवा, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको, शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही नको.

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, आणि घरातल्या सगळ्यांनाच एकदम, हे लक्षण दिसलं की आधी सगळे बाहेर मोकळ्या हवेत आणि मग लगेच डॉक्टर. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला या वायूने भरलेलं रक्त ओळखता येत नाही, माणूस बेशुद्धीकडे चाललेला असतो आणि आकडा ९८ दाखवतो. झोपायच्या खोलीजवळ बॅटरीवरचा सीओ अलार्म लावा.

पावसासाठी चारही बाजूंनी उघडी, वर फक्त पत्रा अशी जागा करा. ताडपत्री गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

काळोखी_रात्र
बाल्कनी आणि ती वायर, दोन्ही रद्द. मग ६ मीटरवरून केबल कुठली आणू? मोटर झेपेल का? आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) आधीपासून आहे, तो जनरेटरवरही वाचवेल ना?

लोडचा_हिशेब
केबल २.५ चौरस मिमीची, तीन कोअर, तांब्याची, रबरी आवरणाची. २० मीटरपर्यंत निर्धास्त. रिळावरची असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, आवरण वितळतं.

२.५ केव्हीए गुणिले ०.८ म्हणजे २००० वॉट. तोही आकडा कमाल आहे की सतत चालण्याचा, ते पाटीवर बघा. रोजचा लोड १५०० च्या आसपास ठेवा. १ एचपीची मोटर चालताना साधारण ११०० वॉट खाते, पण सुरू होताना त्याच्या चार-सहा पट करंट ओढते, म्हणजे २० अँपिअरच्या वर. तुमचा जनरेटर देतो जेमतेम ११. व्होल्टेज कोसळतं, मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही, आणि तेवढ्यात वाइंडिंग तापतं. मोटर सोडून द्या. बाकी सगळं आरामात चालेल. इन्व्हर्टर चार्ज होत नसेल तर मागचा स्विच यूपीएसवरून नॉर्मलवर करून बघा.

आरसीसीबीचं मात्र नीट समजून घ्या. बऱ्याच पोर्टेबल जनरेटरमध्ये न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. अशा वेळी फेज अर्थला लागला तरी करंटला परतीची वाट नसते, म्हणून आरसीसीबी पडत नाही. टेस्ट बटण दाबल्यावर पडला म्हणून खूश होऊ नका, ते बटण फेज-न्यूट्रलमध्येच काम करतं, अर्थ नसला तरी पडतं. जनरेटर बंद करून, केबल काढून, सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थ पिनमध्ये मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले आहेत का, ते बघा. नसेल तर जोड कुठे द्यायचा हे मॅन्युअल बघून वायरमनच ठरवेल. घरात तो दोन ठिकाणी देऊ नये.

धूर_बाहेर
चालू करताना लोड नको. दोन-तीन मिनिटं रिकामा चालवा, मग चेंजओव्हर फिरवा, आधी फ्रिज, नंतर बाकीचं. बंद करताना उलट. पेट्रोल भरायचं तर बंद करून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, टाकी काठोकाठ भरू नका.

आणि नवीन यंत्र बहुतेकदा ऑइलशिवाय येतं. पहिला दोर ओढायच्या आधी डिपस्टिक बघा. महिनाभर पडून राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा, नाहीतर जेटमध्ये चिकट थर बसतो आणि ऐन वेळी सुरूच होत नाही.