आठव्या वर्षी दातांना तार: गरज की घाई?

मुलुंडची आई: लेक आठची, तिसरीत आहे. वरचे दात पुढे आलेत, मधे फट पण आहे. डेंटिस्ट म्हणतात आत्ता प्लेट लावा आणि बाराव्या वर्षी परत ब्रेसेस. म्हणजे दोनदा खर्च, दोनदा फेऱ्या. मला वाटतं दुधाचे दात पडून जाऊ देत, मग एकदाच काय ते करू. तुमचं मत?

परळकर: पूर्ण सहमत. फट या वयात असतेच, 11-12ला सुळे उतरले की बहुतेक वेळा आपोआप मिटते. आणि पुढे आलेल्या दातांबद्दल 2018चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे (आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष), लहानपणी सुरू करून दोन टप्प्यांत केलं काय न् वयात येताना एकदाच केलं काय, शेवटी फारसा फरक नाही. लवकर केल्याचा फायदा एकच, पडझडीत दात तुटायचं प्रमाण कमी होतं.

चारकोपचा बाबा: "एकच" काय म्हणता हो, माझ्या भाच्याचा पुढचा दात जिन्यात आपटून अर्धा गेला, कायमचा दात तो, परत थोडीच येणारे! आणि सगळ्यांना थांबा सांगू नका प्लीज. माझ्या मुलाचा क्रॉसबाइट होता, म्हणजे वरचे दात खालच्यांच्या आत बसायचे, तोंड मिटताना हनुवटी चक्क डावीकडे सरकायची. टाळूला एक्सपांडर, म्हणजे टाळू रुंद करायचं उपकरण, बसवला, त्याच्या मधल्या स्क्रूच्या भोकात बारीकशी चावी घालायची आणि हळूच घशाकडे ढकलायची, रोज रात्री मीच करायचो, पोरगं माझा हात घट्ट धरून. पुढच्या दातांत ही मोठी फट पडली तेव्हा बायको घाबरली, पण ती पडते म्हणजेच टाळू रुंदावतोय. टाळूची मधली शिवण, म्हणजे दोन हाडांमधला सांधा, वयात येताना घट्ट होत जाते, मग हेच काम अवघड होतं, मोठेपणी कधी कधी ऑपरेशनवर जातं. खालचा जबडा पुढे असेल तर फेसमास्क (वरचा जबडा पुढे ओढायला चेहऱ्यावर बाहेरून लावतात ते उपकरण) पण दहाच्या आत जास्त लागू पडतो.

परळकर: क्रॉसबाइटचं मान्यच आहे, पण इथे प्रश्न पुढे आलेल्या दातांचा आहे! सातव्या वर्षी दाखवा असं अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची (वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची) संघटना सांगते, दाखवा म्हणजे तार लावा नव्हे. ताई, मुंबई सेंट्रलला नायर डेंटल या दातांच्या हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्या.

मुलुंडची आई: पुढच्या आठवड्यात नायरला जाते. जबडा सरकत नाहीये, आत्ताच बघितलं.

चारकोपचा बाबा: ओठ सहज मिटतात का तेही बघा. दात ओठांबाहेर राहत असतील तर मी तरी बारापर्यंत थांबणार नाही.