रेंजवर बरं, कोर्सवर झाडीत: सराव नक्की कसा करावा?

उजवं_रान

नमस्कार मंडळी. गोल्फ खेळणारे इथे मोजकेच असतील, पण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतो.

चाळिशी उलटल्यावर खेळायला लागलो. उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप (एका फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) 24 च्या आसपास रेंगाळतोय. दुखणी दोन. एक म्हणजे ड्रायव्हर, लांब फटक्याचा सर्वांत मोठा क्लब. चेंडू थोडा डावीकडे निघतो, हवेत असतानाच उजवीकडे वळायला लागतो आणि झाडीत जाऊन बसतो. दुसरं म्हणजे सात नंबरचं आयर्न, मधल्या अंतराचा क्लब. रेंजच्या, म्हणजे सरावाच्या मैदानाच्या, मॅटवर झकास लागतं. कोर्सवर मात्र चेंडूच्या आधी जमीन लागते आणि चेंडू निम्म्या वाटेत पडतो.

कोच लावला आहे. त्यांनी ग्रिप बदलायला सांगितली आणि कमरेइतक्या उंचीचे अर्धे स्विंग करायला लावले. बाकी अवाक्षर बोलत नाहीत. शेजारचे लोक पूर्ण ताकदीने ड्रायव्हर मारत असतात आणि मी आपला अर्धा झोका घेतोय, लाज वाटते हो. त्यात नव्या ग्रिपने मारलं की चेंडू सरळ डावीकडे जातो. म्हणजे उजवीकडचं दुखणं गेलं नाही तोच डावीकडचं आलं! व्हिडिओवाले सांगतात लॅग ठेवा (क्लब हातांच्या मागे राहू द्या), क्लब शॅलो करा (खाली येताना आडवा आणा), आधी कंबर फिरवा. बरोबर खेळणारा मित्र म्हणतो, बाकी सोड, डोकं खाली ठेव.

कोच बदलू का? आणि बादलीभर चेंडूंतले बहुतेक मी ड्रायव्हरनेच मारतो, कारण त्रास त्याचाच आहे. हे बरोबर आहे का?

बोगी_बहाद्दर

कोचबिच सोडा. डावीकडे तोंड करून उभे राहा, चेंडू वळून मधोमध येतो. मी कित्येक वर्षं असाच खेळतोय आणि मजेत आहे. फारच वाटलं तर स्लाइस (तुमचं ते उजवीकडे वळणं) कमी करणारे ड्रायव्हर मिळतात, त्यातला एक घ्या.

निवृत्त_बाई

बोगी_बहाद्दर, तुम्ही मजेत आहात हे चांगलंच आहे, पण त्यांना हा सल्ला नका देऊ. डावीकडे तोंड केलं की खांदे डावीकडे वळतात आणि क्लबची वाटही आणखी डावीकडे जाते. खेळाडूचा हात मात्र क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, भोकातल्या झेंड्याकडेच धरून ठेवू पाहतो. वाट आणि फेस यांच्यातला कोन वाढला की चेंडू आणखी वळतो. मग आणखी डावीकडे उभं राहायचं. कुठवर?

उजवं_रान, कोच बदलू नका. तो माणूस कमी बोलतो आणि बरोबर बोलतो, अशी माणसं दुर्मीळ असतात.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे सवयीने आधी चेंडूची साक्ष काढते. क्लब आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्यात ठरतं ते इतकंच: फेस कुठे बघतोय, क्लब कुठल्या दिशेने चाललाय, किती वेगाने, वर चढताना की खाली उतरताना, आणि चेंडू फेसच्या नेमक्या कुठल्या भागावर लागला. तुमचं कोपर, कंबर, लॅग हे सगळं या पाच गोष्टींच्या मागे उभं असतं, चेंडूपर्यंत ते थेट पोचत नाही.

पूर्वी बरेच जण शिकवायचे की क्लबच्या वाटेने चेंडू निघतो आणि फेसमुळे वळतो. रडारवर चालणारी मोजणीयंत्रं आल्यावर ते उलटं निघालं. चेंडू निघण्याची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, ड्रायव्हरला साधारण 85 टक्के आणि आयर्नला 75 च्या आसपास. वळण येतं ते फेस आणि वाट यांच्यातल्या कोनामुळे. आता तुमचंच वाक्य वाचा. चेंडू थोडा डावीकडे निघतो, म्हणजे फेस थोडा डावीकडे बघतोय. मग उजवीकडे वळतो, म्हणजे वाट त्याहूनही डावीकडे चालली आहे. "फेस उघडा राहतो" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, पण तो उघडा आहे तो वाटेच्या मानाने, झेंड्याच्या मानाने नव्हे.

नव्या ग्रिपने फेस वाटेशी जुळला. वाट अजून डावीकडेच आहे, म्हणून चेंडू न वळता सरळ डावीकडे जातोय. निम्मं काम झालं आहे! नेमकं इथेच घोडं पेंड खातं, कारण बहुतेक जण या टप्प्यावर घाबरून जुनी ग्रिप धरतात. वाट डावीकडे का गेली होती? उजवीकडे पळणारा चेंडू बघून तुमच्या मेंदूने केलेला तो बचाव होता. आता चेंडू डावीकडे जाताना दिसला की तोच मेंदू क्लबला हळूहळू आतून बाहेर, म्हणजे उजवीकडे, न्यायला लागेल. म्हणून आधी फेस सुधारायचा आणि वाट मागून. तुमचे कोच तेच करताहेत, फक्त सांगत नाहीत. त्यांना विचारा, सांगतील.

सध्या चेंडू कुठे पडला ते बघू नका, किती वळला तेवढं बघा.

ग्रिप परकी वाटते ती वाटणारच. घरी बसल्या बसल्या क्लब धरून सोडायचा, पुन्हा धरायचा. दांडा डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी हवा, तळव्याच्या मधोमध नको. वरून पाहिल्यावर डाव्या हाताच्या दोन ते तीन गाठी दिसायला हव्यात आणि अंगठा व तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याकडे जायला हवी. चेंडूसमोर उभं राहिल्यावर ग्रिप शिकू नका, तिथे डोक्यात आधीच गर्दी असते.

वाटेसाठी मदत हवी असेल तर चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, वीतभर मागे, क्लबचं मऊ कव्हर ठेवा. क्लब बाहेरून आत आला की ते उडतं. पण हे कोचना विचारून, आणि अर्ध्या स्विंगनेच. अर्धा स्विंग लाजेचा नाही हो, पूर्ण वेगात मेंदूला काही नवीन ऐकू येत नाही.

आणखी एक, हे कुणीच बघत नाही. ड्रायव्हरच्या फेसवर पायाच्या पावडरीचा स्प्रे मारा आणि मग चेंडू मारा, ठसा स्पष्ट दिसतो. ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर असतो आणि डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असतं, त्यामुळे टाचेकडे (फेसच्या दांड्याजवळच्या बाजूला) लागलेला चेंडू उजवीकडे जास्त वळतो आणि टोकाकडे लागलेला डावीकडे. तुमचे ठसे टाचेजवळ निघाले तर स्लाइसमध्ये त्याचाही वाटा आहे, आणि मग नुसती ग्रिप बदलून पुरणार नाही. नवा ड्रायव्हर घेणं म्हणजे सध्या तरी रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आयर्नचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, हा फार लांबला.

उजवं_रान

बाई, "बचाव" हे वाचून डोकं सुन्न झालं. कोचनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, निदान मला समजेल असं तरी नाही. आयर्नचं जरूर लिहा. मॅटवर लागतं आणि गवतावर लागत नाही, हे गौडबंगाल काय आहे?

निवृत्त_बाई

गौडबंगाल काही नाही, मॅट खोटं बोलते. चेंडूच्या मागे दोन बोटं जमीन लागली तरी मॅटवर क्लब घसरत पुढे जातो आणि चेंडू बरा उडतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो. म्हणजे चूक दोन्हीकडे होतेय, कळतेय एकीकडेच.

गवत असलेल्या रेंजवर परवानगी असेल तिथे जमिनीवर चुन्याची एक रेघ मारा. चेंडू नको. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून स्विंग करा आणि गवत कुठे खरवडलं गेलं ते बघा. खूण रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडायला हवी. चांगल्या खेळाडूंच्या आयर्नच्या स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या सुमारे 10 सेंटिमीटर पुढे असतो. तुमची खूण रेघेच्या मागे पडेल असा माझा अंदाज, कारण चेंडू लागताना वजन उजव्या पायावरच राहतं. तुमच्या मित्राला सांगा, जबरदस्तीने डोकं खाली दाबून ठेवलं की अंग डाव्या पायावर जायला अडखळतं आणि हा दोष वाढतो. ड्रायव्हरला हा नियम लावू नका. तिथे चेंडू टीवर (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर) असतो, डाव्या पायाच्या टाचेच्या रेषेत, आणि क्लब खालचा बिंदू ओलांडून चढायला लागल्यावर लागला तरी चालतं, उलट बरंच.

आता बादलीबद्दल. एकच क्लब, एकच दिशा, चेंडूमागून चेंडू. दहाव्या-बाराव्या चेंडूपर्यंत हात जमतो आणि वाटतं की आलं. 1979 मध्ये शी आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हातांच्या हालचालींवर एक प्रयोग केला. छोट्या लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने पाडायच्या होत्या. एका गटाने एक क्रम घोटून मगच दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने सगळे क्रम मिसळून केले. सरावात पहिला गट पुढे होता. नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून करणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. कोर्सवर तुम्ही एकामागून एक दोन ड्रायव्हर कधी मारता? पहिला हरवला तरच.

म्हणून नवी ग्रिप बसेपर्यंत थोडे चेंडू एकाच क्लबने, हळू. नंतर दर चेंडूला क्लब आणि लक्ष्य दोन्ही बदला. तुमच्या कोर्सची भोकं डोळ्यांसमोर आणा: ड्रायव्हर, मग सात नंबर, मग छोटी चिप, म्हणजे भोकाजवळून मारलेला हलका फटका. प्रत्येक चेंडूआधी मागे जा, दिशा बघा, ग्रिप नव्याने धरा. बादली संपायला वेळ लागेल. लागू द्या.

लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगते. 1999 मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी कधीच गोल्फ न खेळलेल्या लोकांना पिच शॉट (जवळून उंच उडवायचे छोटे फटके) शिकवले. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणारे अचूक निघाले. तेव्हा "कोपर आत, मनगट असं" हे घोकण्याऐवजी "क्लब त्या कव्हरच्या आतून गेला पाहिजे" एवढंच मनात ठेवा.

आठ_फुटी

बाईंचं सगळं मान्य, पण 24 हँडिकॅपवाल्याने अर्धा सराव पटिंगला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर (ग्रीनवर) चेंडू हळूच भोकात घालायला, द्यावा असं माझं मत. कितीतरी स्ट्रोक ग्रीनवर जातात!

निवृत्त_बाई

स्ट्रोक जातात खरे, पण फरक तिथे पडत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रोडी यांनी प्रचंड संख्येने फटक्यांची नोंद तपासली. चांगल्या आणि कच्च्या खेळाडूंमधल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांत निघाला. तुमच्या नावातल्याच आठ फुटांवरून पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. तो चुकला म्हणून आपण का हळहळायचं? पटिंगचा सराव करायचाच तर लांबचे पट करावेत, अंतराचा अंदाज यावा म्हणून. तीन-तीन पट त्यातूनच होतात. उजवं_रान यांचं नुकसान झाडीत होतंय. चेंडू कोर्सच्या हद्दीबाहेर गेला तर एक दंड आणि पुन्हा पहिल्या जागेवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, टीवरून, मारलेला पुढचा फटका तिसरा.

आठ_फुटी

बरं. पण चिपिंग तरी?

निवृत्त_बाई

चिपिंग करा. तिथे सुधारणा लवकर दिसते, आणि अर्ध्या स्विंगला ते बरं जोडून येतं. एवढं देते तुम्हाला.

उजवं_रान

शेवटचा प्रश्न. व्हिडिओ बघणं पूर्ण बंद करू? आणि स्वतःचं शूटिंग करून काही कळतं का, की नुसतं वाईट वाटतं?

निवृत्त_बाई

दुसऱ्यांचे बंद, स्वतःचे सुरू. व्यावसायिक गोल्फपटू जिम फ्युरिकचा स्विंग बघा, क्लब वर जाताना एकीकडे आणि येताना भलतीकडून, मधे मोठा वळसा. कुठल्याही शिकवणीत असा स्विंग दाखवणार नाहीत. त्याच स्विंगने त्याने 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर 58 फटक्यांची फेरी खेळला, कारण चेंडूजवळ त्याचा फेस आणि वाट दर वेळी जागच्या जागी येतात. तेव्हा स्विंग देखणा दिसतोय का, हे शोधू नका.

फोन तुमच्या मागे, म्हणजे लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला, हातांच्या उंचीवर, लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवा. वाकडा ठेवला तर वाटही वाकडी दिसते आणि नसलेले आजार सापडतात. स्लो मोशन लावा. ग्रिपचा एक फोटो समोरूनही काढा. कोचकडे जाताना दोन्ही घेऊन जा आणि विचारा, "वाट सरकतेय का?" इतर काही विचारलंत तर ते दहा गोष्टी सांगतील आणि तुम्ही अकरा कराल.

बोगी_बहाद्दर

बाई, मी डावखुरा आहे हे सांगायचं राहिलं. म्हणजे मी हे सगळं उलटं वाचायचं ना?

निवृत्त_बाई

हो, डावं-उजवं सगळं उलटं. म्हणजे तुम्ही डावीकडे तोंड करून उभे राहता आणि चेंडू वळून मधोमध येतो, तर तुमचा चेंडू उजवीकडे वळतो. डावखुऱ्याला तो हूक (स्लाइसच्या उलट वळण) झाला, स्लाइस नव्हे. यांचा आजार तुम्हाला नाहीच. तुमच्या ग्रिपचा फोटो टाका, मग बघू.