स्वस्तातली बुलपप पीसीपी रायफल घ्यावी का? (सल्ला हवा)

हौशी_नेमबाज

मंडळी नमस्कार. चार वर्षं स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची .१७७ (छर्ऱ्याचा व्यास, इंचात) एअर रायफल वापरतोय. कागदी टार्गेट आणि रिकामे डबे, याच्या पुढे मजल नाही आणि न्यायचीही नाही. अंतर १० ते ३५ मीटर. आता पीसीपी (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) घ्यायची म्हणतोय आणि डोळा बुलपपवर (यंत्रणा ट्रिगरच्या मागे असलेली आखूड रायफल) अडकलाय. माझी रायफल ११० सेंटिमीटरच्या वर आहे, बुलपप ८० च्या आसपास. ठेवायला सोपी, न्यायला सोपी, आणि खरं सांगायचं तर दिसतेही झकास.

नावाजलेल्या कंपन्यांच्या बुलपप माझ्या आवाक्याबाहेर आहेत. खालच्या किमतीतल्या मात्र जमतील. प्रश्न असा की स्वस्त बुलपप घेणं म्हणजे पैसे पाण्यात, की चालेल? त्याच पैशात साधी लांब पीसीपीही मिळतेय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_काका

आधी हे सांग, बुलपपच का? 'झकास दिसते' एवढंच कारण असेल तरी माझी हरकत नाही, पैसे तुझे आहेत. फक्त मग ग्रुप फाटला, म्हणजे छर्रे एका जागी न लागता विखुरले, म्हणून इथे रडत येऊ नकोस.

स्वस्त बुलपपमध्ये काटकसर नेमकी कुठे होते ते बघ. साध्या रायफलीत ट्रिगर आणि सिअर (ताणलेली हातोडी अडवून धरणारा खटका) यांच्यात जेमतेम बोटभर अंतर असतं. बुलपपमध्ये सगळी यंत्रणा मागे सरकवलेली, ट्रिगर मात्र पुढेच. म्हणजे तुझं बोट इथे आणि सिअर तिकडे गालाखाली, मध्ये वीतभर किंवा त्याहून लांब सळई. ही सळई ताठ असेल, तिच्या खिळी घट्ट बसलेल्या असतील, तर फारसं कळतही नाही. स्वस्त मालात सळई बारीक आणि भोकं सैल. मग बोट दाबलं की आधी भोकातली ढिलाई संपते, मग सळई लवते, मग कुठे सिअर हलायला लागतो. चिखलात बोट खुपसल्यासारखं वाटतं. गोळी सुटणार कधी हेच कळत नाही, आणि ते कळत नसेल तर माणूस झटका देतो. झटका दिला की नेम गेला.

छर्रा नळीतून बाहेर पडतो तो नळी जशी असेल तसा. त्या बाबतीत स्वस्त बुलपप आणि तिचीच लांब बहीण यांत काही फरक नाही. कित्येक कंपन्या तीच नळी आणि तोच व्हॉल्व्ह दोन्ही दस्त्यांत बसवून विकतात. शिकंज्यात आवळून मारलीस तर दोघींचे ग्रुप सारखेच येतील. माणसाच्या हातात आल्यावर फरक पडतो, आणि तो बहुतेक वेळा ट्रिगरचाच असतो.

म्हणून विकत घेण्याआधी हातात घे. विक्रेत्याला विचारून, सुरक्षित दिशेला तोंड करून, दहा वेळा ट्रिगर ओढ. पहिला टप्पा संपल्याची भिंत बोटाला लागते का? दहाही वेळा एकाच जागी सुटतो का? वजन जास्त असलं तरी चालेल, बोटाला सवय होते. दर वेळी वेगळ्या जागी सुटणाऱ्या ट्रिगरची सवय कोणालाच होत नाही.

ओरिंग_बदलू

काकांना +१. पण हौशीराव, तुम्ही स्प्रिंगवरून येताय म्हणून एक विचारतो, हवा कुठून भरणार?

स्प्रिंगवालीत तुमचा दंड हाच पंप होता. पीसीपीला २०० बार (हवेच्या दाबाचं माप) लागतात, काहींना २५० ते ३००. २०० सीसीची टाकी १०० वरून २०० बारवर न्यायची म्हणजे बाहेरची साधारण २० लिटर हवा आत कोंबायची. हातपंपाने होतं, मी तीन वर्षं केलंय. पण शेवटचे ३० बार भरताना पूर्ण वजन पंपावर टाकावं लागतं, आणि मग लगेच नेम धरायला बसलात तर हात थरथरत असतो. दम खाऊन मगच बसा. पंप घाईने मारू नका, तो तापतो आणि आत ओलावा जातो.

तेव्हा बजेट काढताना रायफल, पंप, दुर्बीण आणि दोन-तीन प्रकारच्या छर्ऱ्यांचे डबे असं सगळं मिळून काढा. रायफलीतच खिसा रिकामा केलात तर ती कपाटात बसेल.

दुसरं, रेग्युलेटर. खालच्या किमतीत काहींना असतो, काहींना नसतो. नसेल तर टाकी भरल्या भरल्या वेग कमी मिळतो, कारण आतला दाब व्हॉल्व्हला घट्ट दाबून धरतो आणि हातोडीच्या ठोक्याने तो पुरेसा उघडत नाही. दाब उतरला की वेग चढतो, मधे थोडा वेळ स्थिर राहतो, मग परत घसरतो. रेग्युलेटर असेल तर टाकीत २०० असो की १५०, व्हॉल्व्हपर्यंत ठरलेलाच दाब पोचतो. समजा तो १२० बारवर लावलाय, तर टाकी १२० च्या खाली येईपर्यंत वेग जवळपास एकसारखा.

हे का महत्त्वाचं? .१७७ चा ८.४४ ग्रेन वजनाचा छर्रा २४० मीटर प्रतिसेकंदाने सुटत असेल तर ३५ मीटरवर १२ सेंमीच्या आसपास खाली पडतो. वेगात १० मीटरचा फरक पडला की पडण्यात साधारण सेंटिमीटरभर फरक. डब्याला चालेल, कागदावर दिसेल. माझ्या मते बुलपप की लांब यापेक्षा रेग्युलेटर आहे की नाही हा प्रश्न मोठा.

आणि हात जोडून सांगतो, हवेच्या वाटेत कुठेही शिवणयंत्राचं किंवा कसलंही पेट्रोलियम तेल घालू नका. एवढ्या दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही ओरिंगवर (हवा अडवणारी रबरी कडी) पुसटसं.

इतिहासाचा_किडा

थोडं विषयांतर, पण कामाचं आहे.

बुलपपची कल्पना नवी नाही. ब्रिटनने १९५१ मध्ये ईएम-२ स्वीकारली आणि नेटोच्या गोळीच्या प्रमाणीकरणात ती गुंडाळावीही लागली. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९७७ मध्ये स्टायर ऑग घेतली, फ्रान्सने त्यानंतर फामास, ब्रिटनने १९८५ मध्ये एसए-८०. नळी पूर्ण लांबीची आणि रायफल आखूड, हे चिलखती गाडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्या सैनिकाला फार सोयीचं. पुढे मात्र फ्रान्सने फामास सोडून एचके-४१६ घेतली, न्यूझीलंडने ऑग सोडली, चीननेही क्यूबीझेड-९५ नंतरची १९१ नेहमीच्या मांडणीचीच केली.

हे वाचून 'बघा, सैन्यांनीसुद्धा टाकल्या' असं लगेच म्हणू नका. त्यांच्या अडचणींतल्या अर्ध्या आपल्याला लागूच नाहीत. बंदुकीच्या बुलपपमध्ये रिकामं काडतूस गालाजवळून बाहेर उडतं. डावखुऱ्याने एसए-८० डाव्या खांद्यावर लावली तर ते तोंडावरच. म्हणून कुणी उलटा बोल्ट दिला, एफएन एफ-२००० ने काडतूस पुढून बाहेर काढलं, केल-टेक आरडीबीने खाली पाडलं. एअर रायफलीत काडतूसच नाही. मॅगझिन झटपट बदलायची घाई नाही. लढाऊ बुलपपवरची टीका वाचून हवेची रायफल नाकारू नका. ट्रिगरची तक्रार मात्र दोन्हीकडे खरी आहे, काका बरोबर बोलले.

डावखुरी

काडतूस नाही हे मान्य दादा, पण कॉकिंग लिव्हर (दर छर्ऱ्याआधी हातोडी ताणायचा दांडा) आहे ना! तो बहुतेक उजव्या बाजूला असतो, आणि बुलपपमध्ये अगदी मागे, गालाजवळ. मला प्रत्येक छर्ऱ्याला रायफल खांद्यावरून उतरवावी लागते. काही मॉडेलमध्ये लिव्हर पुढे, ट्रिगरच्या वर आणलेला असतो, काहींत बाजू बदलता येते. तुम्ही उजवे असाल तर सोडून द्या. घरात कुणी डावखुरं वापरणार असेल तर आधी हेच बघा.

अजून एक. गाल टाकीवर किंवा यंत्रणेच्या डब्यावर टेकतो. धातू उघडा असेल तर थंडीत गारठतो. आणि व्हॉल्व्ह कानाशीच, त्यामुळे शेजारच्याला आवाज कमी आणि आपल्यालाच जास्त.

हौशी_नेमबाज

सगळ्यांचे आभार. डोकं भणभणलं, पण चांगल्या अर्थाने.

काका, खरं कारण लिहायचं राहिलं. म्हणजे लाजेने टाळलं. डावा खांदा वर्षभर जाम आहे, फ्रोझन शोल्डर. आता बराचसा मोकळा झालाय, पण लांब रायफल उभ्याने धरली की पाचव्या-सहाव्या छर्ऱ्याला हात खाली यायला लागतो. मित्राची बुलपप एकदा सहज उचलली होती, ती हलकी वाटली. काट्यावर मात्र दोन्ही सारख्याच निघाल्या. म्हणून डोक्यात बसली.

खडूस_काका

हे पहिल्याच ओळीत लिहायचं सोडून 'झकास दिसते' काय लिहितोस!

तुला ती हलकी वाटली यात भ्रम नाही. बुलपपचं वजन मागे, खांद्याशी आणि उजव्या मुठीवर असतं. डाव्या हाताला फक्त टेकू द्यायचा असतो. लांब रायफलीचं तोंड जड, ते तोलायला डावा खांदा लागतो. बेंचवर बसून मारणाऱ्याला पुढचं वजन बरं, पिशवीवर रायफल शांत बसते. बुलपप तिथे जरा उंडारते. पण उभ्याने मारणाऱ्या दुखऱ्या खांद्याला बुलपपच. माझं मत बदललं. ट्रिगरची परीक्षा मात्र सोडायची नाही.

आणि एक धोका. नळीचं तोंड जवळ असतं. डावा हात सवयीने पुढे सरकतो आणि बोटं तोंडापुढे जातात. कुठे धरायचं ते ठरव, तिथे हवं तर चिकटपट्टी लाव.

तिरका_डोळा

दुर्बिणीबद्दल कुणी बोललंच नाही.

बुलपपमध्ये गाल नळीच्या रेषेच्या बराच वर टेकतो, म्हणून दुर्बीणही उंच लावावी लागते. साध्या रायफलीत दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून साधारण साडेचार सेंमी वर, बुलपपमध्ये सात सेंमीपर्यंत जातो. ३० मीटरवर शून्य केलंत (नेम धरला तिथेच छर्रा लागेल अशी दुर्बीण जुळवलीत), वेग वर दिलाय तोच धरला, तर १० मीटरवर साध्या रायफलीचा छर्रा सेंटिमीटरभरच खाली लागतो, बुलपपचा अडीच सेंमी. चूक कुणाचीच नाही, भूमितीच तशी. दर पाच मीटरला कुठे लागतो ते एकदा मारून वहीत लिहून ठेवा.

रायफल कलती धरली तर शून्य केलेल्या अंतराच्या पलीकडे उंच दुर्बिणीत चूकही वाढते. छोटी पाणपातळी लावा.

दुर्बीण भारी नको. स्प्रिंगवालीचा उलटसुलट दुहेरी धक्का दुर्बिणी मोडतो, पीसीपीला तो नसतो. फक्त पॅरलॅक्स (दुर्बीण कोणत्या अंतराला जुळवलेली आहे ते) १० मीटरपर्यंत खाली येतो का बघा. १०० यार्डांवर कायमचा बसवलेला असेल तर जवळचं टार्गेट धूसर दिसेल आणि डोळा हलला की नेमही हलेल.

नियमवाला

ऊर्जेची मर्यादा आणि परवाना हे प्रत्येक देशात वेगळं आहे, तेवढं आधी तपासा. हिशेब सोपा: अर्धं गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ८.४४ ग्रेन म्हणजे ०.५४७ ग्रॅम, २४० मीटरने जवळपास १६ जूल. .२२ चा १८.१३ ग्रेनचा छर्रा त्याच वेगाने ३४ च्या घरात. तुमच्या कामाला .१७७ पुष्कळ आहे.

हौशी_नेमबाज

तीन आठवड्यांनी अपडेट.

दोन स्वस्त बुलपप आणि एक लांब पीसीपी, तिन्ही रेंजवर मारून बघितल्या. पहिल्या बुलपपचा ट्रिगर काकांनी लिहिलाय तस्साच, चिखल. चार ओढल्या आणि खाली ठेवली. दुसरीचा जड आहे, पण भिंत कळते आणि सुटतो एकाच जागी. रेग्युलेटर आहे.

बेंचवर ३० मीटर, पाच-पाच छर्रे: लांब रायफल २१ मिलिमीटर, ही दुसरी बुलपप २९. उभ्याने २० मीटरवर गंमत झाली. लांब रायफलीचे पहिले तीन नीट, पुढचे दोन कागदाच्या खालच्या कडेला. बुलपपचे दहाच्या दहा मुठीएवढ्या जागेत, आणि खांदा कुरकुरला नाही.

दुसरी बुलपप घेतली. हातपंप जुना मिळाला, त्याचे ओरिंग बदलून घेतले. दुर्बीण स्प्रिंगवालीचीच काढून लावली, रिंगा तेवढ्या उंच घेतल्या. लेक डावखुरी आहे, ती लिव्हरवरून आत्ताच भांडतेय.

डावखुरी

लेकीला सांगा, उजवा हात मागे आणून लिव्हर ओढायचा, बोट ट्रिगरबाहेर ठेवून. आठवड्यात जमतं.

खडूस_काका

२९ मिलिमीटरवर थांबू नकोस. नव्या नळीत कारखान्याचं तेल असतं, आधी पुसून काढ. मग तीन प्रकारचे छर्रे आण, प्रत्येकाचे पाच-पाचचे चार ग्रुप मार आणि कागद फेकू नकोस, इथे टाक.