गावाशेजारचा खडी क्रशर आणि मुलांचा खोकला: धूळ ‘मर्यादेत’ असल्याचा अर्थ काय?

प्रश्न (शिक्षक, जालना तालुका)

आमच्या गावाच्या पूर्वेला पाऊण किलोमीटरवर दगडखाण आहे आणि तिच्याच आवारात खडी क्रशर चालतो. दिवाळीनंतर शाळेच्या ओसरीवर रोज राखाडी थर बसतो आणि चौथीच्या वर्गातील काही मुलांचा खोकला महिना महिना थांबत नाही. उन्हाळ्यात दिलेल्या निवेदनावर पोळ्याच्या आठवड्यात तपासणी झाली आणि धूळ मर्यादेच्या आत असल्याचे उत्तर आले. गावात मात्र ‘मुलांना सिलिकोसिस (दगडाच्या धुळीतील सिलिकामुळे होणारा फुप्फुसाचा आजार) झाला’ असे सर्रास बोलले जात आहे. हे शक्य आहे का, आणि मर्यादेतली धूळ आमच्या ओसरीवर कशी येते?

उत्तर १ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, लातूर)

गुरुजी, मुलांच्या बाबतीत तो शब्द वापरू नये, कारण सिलिकोसिस सहसा दहा-वीस वर्षे स्फटिकी सिलिकाची धूळ श्वासावाटे घेतल्यानंतर होतो आणि त्याचा पहिला धोका सुरुंगासाठी छिद्रे पाडणाऱ्या व क्रशरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कामगारांना असतो. मुलांच्या खोकल्याला धुळीने चाळवलेला दमा किंवा श्वासनलिकांचा दाह ही अधिक संभाव्य कारणे आहेत, पण तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. डोळ्यांना दिसणारा राखाडी थर बहुतांशी जाड कणांचा असतो आणि असे कण नाका-घशातच अडतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे, चार मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण मात्र दिसत नाहीत. घरात चुलीवर पऱ्हाट्या जळतात का, हेही विचारावे. त्यामुळे क्रशरचा दोष कमी होत नाही, पण तो धूर त्याच मुलांच्या छातीत जात असतो.

उत्तर २ (भूगर्भशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर)

डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला दगडाच्या बाजूनेही आधार आहे. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्याच्या रासायनिक पृथक्करणात सिलिका सुमारे ५० टक्के दिसते आणि निवेदने लिहिणारे नेमके याच आकड्याने घाबरतात, परंतु ती जवळजवळ सगळी फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांत बांधलेली असते. रोगास कारणीभूत होणारी मोकळी, म्हणजे क्वार्ट्झच्या रूपातली सिलिका बेसाल्टमध्ये थोडी असते. मात्र दगडातील पोकळ्यांमध्ये गारगोटी आणि अकीक ही क्वार्ट्झचीच रूपे भरलेली असतात, त्यामुळे ती शून्य आहे असेही म्हणता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेकडून एकूण सिलिका नव्हे, तर श्वसनक्षम, म्हणजे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणाऱ्या, धुळीतील स्फटिकी सिलिका मोजून मागावी.

उत्तर ३ (माजी ग्रामपंचायत सदस्य, बीड जिल्हा)

सर, आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘पोळा’ या एका शब्दात आहे. त्या दिवसांत जमीन ओली असते आणि वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे आपल्या गावातली हवा क्रशरकडे जाते. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो, शिवाय रात्री-पहाटे थंड हवा जमिनीलगत थबकल्याने धूळ वर उडून न जाता गावावरच रेंगाळते. दुसरे असे की मापे दोन आहेत. क्रशरच्या यंत्रांजवळ तरंगत्या धुळीला घनमीटरमागे ६०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. वस्तीत मात्र २००९च्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची सरासरी १०० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. पहिल्या मापाने उत्तीर्ण झालेला क्रशर दुसऱ्या मापाने गावाला नापास करू शकतो. अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागवा आणि मोजणी कोठे, कोणत्या तारखेला, किती तास झाली ते पाहा. आमच्या गावीही पाण्याचे फवारे होते, पण ते तपासणीच्या दिवशीच सुरू असत, आणि हायव्यांचा, म्हणजे खडी वाहणाऱ्या डंपरांचा, कच्चा रस्ता तर कोणी पाहिलाच नाही. खरे सांगायचे तर निम्मी धूळ त्याच रस्त्याची होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाने क्रशरला दिलेल्या संमतीपत्रात वारा अडवणारी भिंत, खडी वाहणारे झाकलेले पट्टे, आवारातील पक्का रस्ता आणि कडेची झाडी या अटी असल्यास त्यांवर बोट ठेवा. केवळ ‘त्रास होतो’ असे लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणे फार सोपे असते.

प्रश्नकर्ता

आपणा तिघांचा आभारी आहे. शाळेच्या छपरावर जानेवारीत सलग मोजणी व्हावी, असा नवा अर्ज ग्रामसभेत मांडतो आणि तोवर वाऱ्याची दिशा व गैरहजर मुलांची नोंद एकाच वहीत ठेवतो. मुलांची तपासणी या आठवड्यात सुरू होईल. डॉक्टरसाहेबांनी कामगारांचा उल्लेख केल्यावर मात्र मी ओशाळलो. क्रशरच्या आवारातल्या पत्र्याच्या खोल्यांत अकरा कुटुंबे राहतात, त्यांची तीन मुले माझ्याच शाळेत आहेत, आणि आमच्या निवेदनावर त्यांच्यापैकी एकाचीही सही नाही, कारण ती मागावी असे आम्हाला सुचलेच नव्हते. छिद्रे पाडणाऱ्या माणसाने क्ष-किरण तपासणीसाठी कोठे जावे, आणि मालकाला न कळता जाता येईल का?

उत्तर १

जिल्हा रुग्णालयात छातीचा क्ष-किरण काढता येतो. सोबत स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणीही मागावी. खाणीत किती वर्षे आणि कोणते काम केले, ते केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह त्यांनी धरावा. सिलिकोसिस हा कायद्याने अधिसूचित व्यवसायजन्य आजार आहे, आणि नुकसानभरपाईची वेळ आली तर पुराव्यात ती एक ओळ सर्वांत आधी शोधली जाते. मालकाची परवानगी लागत नाही.