मदत हवी आहे: बीएस्सी नर्सिंगला बारावीचे नक्की कुठले मार्क धरतात? भाचीला दोन मार्क कमी पडतायत

रंकाळ्याचा_मामा:
मंडळी, घाईत लिहितोय, चुका पोटात घाला. माझ्या थोरल्या बहिणीची पोरगी, गाव गारगोटीकडं, यंदा बारावी सायन्स झाली. तिचं एकच, नर्सच व्हायचं. आजी कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला ॲडमिट होती तेव्हा पंधरा दिवस हीच उशाला बसून होती, तिथल्या सिस्टरांचं काम बघितलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. सीईटी, म्हणजे नर्सिंगची प्रवेश परीक्षा पण दिली, पेपर बरा गेलाय म्हणते.

आता घोळ बघा. मार्क असे: इंग्रजी ६४, मराठी ७४, भूगोल ७६, फिजिक्स ३८, केमिस्ट्री ३६, बायो ५९. ६०० पैकी ३४७, म्हणजे ५७.८३ टक्के. कॉलेजातले एक सर म्हणाले पंचेचाळीस लागतात, तुझे सत्तावन्न आहेत, बिनधास्त रहा. आम्ही पेढे पण वाटले. काल फॉर्मची तयारी करायला राजारामपुरीतल्या नेट कॅफेत गेलो तर तिथला पोरगा मार्कशीट बघून म्हणतोय हिचं दोन मार्कांनी बसत नाही. बहीण तिथंच खुर्चीत बसली रडत. कोण खरं बोलतंय? आणि सीईटीला चांगले मार्क पडले तर बारावीचं थोडं इकडंतिकडं चालतं का? दाजी ओबीसी आहेत, पोरीचा जातीचा दाखला आहे, पण ओबीसीच्या सवलतीला लागतं ते नॉन क्रिमीलेयर सर्टिफिकेट काढलंच नाही, सत्तावन्न आहेत म्हटल्यावर कशाला हेलपाटे म्हणून सीईटीचा फॉर्म ओपनमधूनच भरला.

बावड्याची_सिस्टर:
भाऊ, कॅफेवाला बरोबर आहे. सरांनी पंचेचाळीस सांगितले ते खरं, पण कशाचे ते सांगितलं नाही. ते फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, बायोच्या बेरजेचे धरतात. तीनशेपैकी १३५ पाहिजेत. तुमच्या भाचीचे ३८, ३६ आणि ५९ मिळून १३३, म्हणजे ४४.३३. त्याचे ४५ कुणी करून देत नाही. मराठी, भूगोल यात येतच नाहीत, इंग्रजीत नुसतं पास पाहिजे. तिन्ही विषयांत वेगवेगळे पंचेचाळीस लागत नाहीत बरं का, एकत्र बेरीज बघतात, म्हणून तर बायोनं तिला एवढं वर ओढलंय. प्रॅक्टिकलचे ३० त्या शंभरातच धरलेले असतात.

सीईटीचं म्हणाल तर मेरिट तिच्यावरच लागतं, शंभर प्रश्न, दीड तास, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड वीस-वीस. पण बारावीची अट ही दाराची चौकट आहे, सीईटीत नव्वद पडले तरी चौकटीतून आत यावंच लागतं. आमच्या वेळी ही सीईटी नव्हती, ती अलीकडं आली, त्याआधी काही वर्षं नीटवर, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेवर होतं, म्हणून जुन्या लोकांना विचारलं की प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

पण रडू नका. मागासवर्गीयांना पाच टक्के सूट आहे, म्हणजे ४०, म्हणजे १२० मार्क. तिचे १३३ आहेत! दोन मार्क कमी कसले, तेरा जास्त आहेत. तुमचं अडलंय ते नॉन क्रिमीलेयरपाशी.

करवीर_पोरगं:
मामा, सिस्टरनी सांगितलं ते लगेच धरा. उद्याच सेतूत, म्हणजे दाखले काढायच्या सरकारी केंद्रात जावा, दाजींच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला सगळं घेऊन. जात पडताळणीचं पण बघा, ते नसलं तर ऐनवेळी पळापळ होते, माझ्या बहिणीला आम्ही त्यापायी तीन वेळा हेलपाटे मारलेत. आणि सीईटी ओपनमधून भरलीय तर आता कॅटेगरी लावता येईल का ते सीईटी सेलच्या हेल्पलाइनलाच विचारा, आमच्यासारख्यांच्या सांगण्यावर राहू नका.

दुसरं, बोर्डाकडं उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. ती हातात आल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही आणि आल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांतच करावा लागतो, पोरं तिथंच चुकतात. दोन मार्कांचा प्रश्न आहे, एखादं उत्तर तपासायचं राहिलेलं सापडतं कधीकधी. केमिस्ट्रीची आधी मागवा.

रंकाळ्याचा_मामा:
सिस्टर, १३५ आणि १२० चा हिशेब तुम्ही मांडला तो तसाच बहिणीला फोनवर वाचून दाखवला, दोनदा. श्रेणीसुधारला, म्हणजे मार्क वाढवायला बारावीला परत बसवावं का असं पण दाजी म्हणत होते.

बावड्याची_सिस्टर:
शेवटचा उपाय ठेवा तो. सगळ्या विषयांना परत बसायचं आणि वर्ष पण जाऊ शकतं. त्यापेक्षा जीएनएम हाताशी ठेवा, नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, तिथं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोची अट नाही, बारावीला एकूण चाळीस टक्के आणि इंग्रजी विषय लागतो, तिचे सत्तावन्न तिथं कामी येतील. मी स्वतः जीएनएम करून मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलंय. वॉर्डात पेशंट कुणाला पर्सेंटेज विचारत नाही.

रंकाळ्याचा_मामा:
बरं. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं दाजी आणि पोरगी येतायत, दहाला सेतू उघडतं. केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्हीच्या फोटोकॉपीचा अर्ज आत्ताच केला, बसल्या जागी. नॉन क्रिमीलेयर कुणी हल्लीच काढलं असेल तर किती दिवस लागले ते सांगा.