मदत हवी आहे: नोव्हेंबरात कुंडलिका आणि जानेवारीत कृष्णा, पॅकराफ्टने

आडवाट_७ :
मंडळी, तिघं आहोत, तिघांनाही पोहता येतं. तीन पॅकराफ्ट (गुंडाळून पाठीवर नेता येणाऱ्या, फुगवायच्या छोट्या बोटी) आहेत, टीपीयू प्लास्टिक चढवलेल्या नायलॉनचे, एकेकाचं वजन तीन किलोच्या आसपास. दोन उघडे, तिसरा डेकचा (वरून झाकलेला), त्याला मांड्या अडकवायचे मांडीपट्टे आहेत. वल्ही चार तुकड्यांची, २१० सेंमी. लाइफ जॅकेट ऑनलाइन मागवलीत: दोरी ओढली की गॅसच्या नळकांड्याने फुगतात, अगदी सुटसुटीत. हेल्मेट सायकलची आहेत.

बेत दोन. नोव्हेंबरात कोलाडजवळ कुंडलिका, जिथे राफ्टिंग चालतं तोच पट्टा. जानेवारीत वाईहून कृष्णेने कऱ्हाडपर्यंत, काठावर मुक्काम करत.

१) कुंडलिकेला पाणी किती वाजता असतं?
२) बोट हलकी असल्याने उलटली की वाऱ्याबरोबर जाते. पायाला दोरीने बांधून ठेवावी का?
३) कृष्णेवर खळाळ फारसे दिसत नाहीत, म्हणजे तो बेत सोपा समजायचा का?

धारेवरचा :
पहिल्याचं उत्तर देतो. पावसाळा सोडला तर कुंडलिका विजेच्या मागणीवर वाहते. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं (टाटांचं हे वीजघर १९२७ पासून चालू आहे). तिथून निघालेलं पाणी खालच्या लहान धरणात अडतं, त्यावर पुन्हा वीज होते आणि मग ते नदीत सुटतं. बहुतेक दिवशी हे सकाळी होतं, पण वेळ कुणी लिहून देत नाही आणि एखाद्या दिवशी पाणी सुटतच नाही. आदल्या संध्याकाळी कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांना फोन करा, त्यांचा धंदाच त्यावर चालतो. सकाळी निघण्याआधी पुन्हा एकदा करा.

वेळेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाण्याच्या *बरोबर* उतरणं. सुटलेल्या पाण्याचं तोंड कोरड्या पात्रातल्या फांद्या, बाटल्या, कचरा ढकलत येतं, त्याच्या पुढे राहू नका. उशीर केलात तर उलट होतं: वर पाणी बंद झालेलं असतं, तुमच्याखालची पातळी उतरत जाते, बुडालेले खडक डोकं वर काढतात आणि बोटीचा तळ त्यांवर घासतो. पाणी येऊन पातळी स्थिर झाली की उतरायचं आणि उगाच रेंगाळायचं नाही. पट्टा साधारण १२ किलोमीटरचा आहे, जोर दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीचा (खळाळांच्या अवघडपणाची श्रेणी, पहिली सोपी, सहावी सगळ्यांत अवघड). जेवायला मध्येच काठावर तासभर बसू नका.

राफ्टिंग जिथे संपतं तिथेच तुम्हीही संपवा. "अजून थोडं खाली जाऊ" हा मोह नको, खाली डोलवहाळचा बंधारा आहे.

आणि एक. मोठ्या राफ्टमध्ये सात-आठ माणसं असतात, ती मनात आलं म्हणून थांबत नाही. खळाळात तिच्यापुढे सापडू नका. काठाच्या उलट्या धारेत, म्हणजे एडीत थांबा, ताफा जाऊ द्या, मग अंतर ठेवून मागून जा.

झेलदोरी :
सामानावर लिहितो, कारण यादी वाचून धडकी भरली.

ती जॅकेटं परत करा. ओढून फुगणारं जॅकेट संथ पाण्यातल्या बोटीसाठी ठीक. खळाळात माणूस पडतो तेव्हा आधी डोकं आपटतं किंवा नाकातोंडात पाणी जातं, दोरी शोधायला हात मोकळा असेलच असं नाही. शिवाय खडकाला घासून फाटलं की त्यात उरतं काय? घट्ट फोमचं, किमान ७० न्यूटन उचल असलेलं जॅकेट घ्या. सगळे पट्टे आवळून दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर माप चुकलंय.

सायकलच्या हेल्मेटचा फोम एकाच जोरदार धक्क्यासाठी केलेला असतो आणि कानशिलं, मानेचा वरचा भाग बहुतेक उघडाच राहतो. पाण्यात खडक एकामागून एक लागतात. ईएन १३८५ हे युरोपीय मानक छापलेलं पाण्याचं हेल्मेट मिळतं, तेच घ्या.

प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी. एक फुंकर म्हणजे "इकडे बघा", तीन म्हणजे संकट. पाण्याच्या आवाजात ओरडलेलं काही ऐकू येत नाही, म्हणून वल्ह्याच्या खुणा ठरवून ठेवा: उभं धरलं तर या, डोक्यावर आडवं धरलं तर थांबा. १५ ते २० मीटरची तरंगणारी दोरी भरलेली फेकपिशवी किमान दोघांकडे हवी. छोटा, बोथट टोकाचा चाकू जॅकेटवर, एका हाताने निघेल असा. पायात नाडीचे बूट. चप्पल, फ्लोटर पहिल्याच पडण्यात वाहून जातात आणि मग अनवाणी खडकांवरून चालायचं.

फेकपिशवी विकत घेतली म्हणजे काम झालं असं नाही. आधी पडलेल्याला हाक मारा, त्याची नजर तुमच्याकडे वळली की दोरी त्याच्या अंगावरून पलीकडे पडेल अशी फेका. त्याने *दोरी* धरायची, पिशवी नाही. उताणं होऊन दोरी खांद्यावरून घ्यायची, हाताला गुंडाळायची नाही. फेकणाऱ्यानेही ती स्वतःला बांधायची नाही, खाली बसून पाय रोवायचे. ताण आला की पडलेला माणूस आपोआप काठाकडे झुलत येतो, फक्त त्या काठाला खडक किंवा झाडं नकोत. म्हणून कुठे उभं राहायचं हे आधी बघून ठेवायचं.

आडवाट_७ :
जॅकेट परत करतो, हेल्मेटही बदलतो. पायाच्या दोरीचं कुणी बोललं नाही. सर्फिंगवाले बांधतात ना?

झेलदोरी :
नदीत नाही. समुद्रात दोरीमुळे फळी तुमच्याजवळच राहते. वाहत्या पाण्यात बोट खडकाच्या एका बाजूने जाते, तुम्ही दुसऱ्या बाजूने आणि दोरी मधे अडकते. धार एकसारखी ढकलत राहते आणि पायातली गाठ सोडायला वाकताही येत नाही. बोट गेली तर जाऊ द्या, खालच्या डोहात सापडते. याच कारणाने बोटीवर कुठेही लोंबती दोरी किंवा सैल फास ठेवू नका. कडेची दोरी ताठ हवी, आतून पाय जाणार नाही इतकी.

बोट जाऊ नये याचा खरा उपाय म्हणजे पाण्यातून परत चढणं येणं. उथळ तलावात किंवा परवानगी मिळाली तर पोहण्याच्या तलावात हे शिकून घ्या:

बोट उलटली की आधी वल्हं आणि बोट, दोन्ही धरा. बोट पालथी असेल तर तळावरून पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढा, सुलटी होते. मग बाजूला, बैठकीच्या समोर या. वल्हं बोटीत टाका किंवा एका हातात बोटीवर आडवं दाबून ठेवा. दोन्ही हात फुग्यावर, म्हणजे बोटीच्या हवा भरलेल्या कडेवर. आता महत्त्वाचं: पाय खाली लोंबत राहिले तर ते बोटीखाली ओढले जातात आणि बोट पुन्हा अंगावर येते. आधी पाय मारत शरीर पाण्यावर आडवं करा, मग एकाच दमात फुगा खाली दाबत पोट वर ओढून घ्या. पालथे पडा, वळा, बसा. वरच्या अंगाचा जोर यात कमीच लागतो, पायांचं काम जास्त.

अर्ध्या मिनिटात जमायला लागलं की कुंडलिकेचं बघा. डेकच्या बोटीत मांडीपट्टे सोडून बाहेर पडायचा सराव वेगळा करायचा, तोही कुणी शेजारी उभं असताना.

धारेवरचा :
+१. यात भर घालतो. पडल्यावर *उभं राहायचं नाही*. गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि धार असेल तर पाय दोन खडकांच्या बेचक्यात जातो, वरून पाणी पाठीवर ढकलतं आणि माणूस पुढे वाकून पाण्याखाली जातो. अशा वेळी पोहता येतं की नाही याला अर्थ उरत नाही. उताणे व्हा, पाय वर आणि धारेच्या दिशेला, खडक लागला तर तळव्यांनी ढकला. मोकळं पाणी किंवा एडी दिसली की पालथे होऊन जोर लावून काठाकडे पोहा. सगळा वेळ उताणं वाहत राहणं बरोबर नाही.

झाडाच्या फांद्या धारेत आडव्या असतील तर गोष्ट उलट. पाणी त्यांतून गाळून जातं, माणूस अडकतो. चुकवता आलं तर उत्तमच. नाहीच आलं तर पाय पुढे करून त्यात शिरू नका. पालथे व्हा, डोकं पुढे ठेवून त्या दिशेनेच जोरात पोहा आणि फांदीवर छाती चढवून वर या.

बोट खडकावर आडवी लागली तर मन सांगतं मागे झुका. मागे झुकलात की वरच्या बाजूचा फुगा बुडतो, पाणी आत शिरतं आणि बोट खडकाला गुंडाळली जाते. खडकाकडेच झुकायचं, त्याला मिठी मारल्यासारखं. ही सवय आधी अंगात बाणवावी लागते.

माहुलीघाट :
तिसऱ्या प्रश्नावर लिहिणं भाग आहे. कृष्णा संथ दिसते, पण खळाळ नाही म्हणून सोपी समजू नका. माझ्या मते तुमच्या दोन बेतांत हाच जास्त धोक्याचा आहे, कारण इथे भीती वाटत नाही.

कृष्णेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. खांब, खांबांमध्ये गाळे, गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा ओसरला की बरगे घालून पाणी अडवतात. म्हणजे जानेवारीत ते घातलेले असणार. बोटीत तुमचे डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर वर असतात. वरच्या बाजूने बंधारा दिसत नाही, पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि तिच्यापुढे झाडांचे फक्त शेंडे. आवाजही पलीकडे पडतो.

दोन गोष्टी होतात. बंधारा भरून पाणी वरून पडत असेल तर खाली पडलेलं पाणी उलटं फिरून भिंतीकडे येतं. तरंगणारं सगळं, बोट, जॅकेट घातलेला माणूस, तिथेच घुसळत राहतं. भिंत या काठापासून त्या काठापर्यंत सारखी असल्याने बाजूने निसटायला फटही नसते. आणि बरगे काही गाळ्यांत निघालेले किंवा मोडलेले असतील तर सगळी ओढ त्या गाळ्यात असते. तिथे तुटका बरगा, गंजलेलं लोखंड, अडकलेले ओंडके असतात. उंची कितीही कमी असली तरी बंधाऱ्यावरून बोट घालायची नाही. कुणी अडकला तर दुसऱ्याने मागून उडी घ्यायची नाही, काठावरून दोरीच.

त्यामुळे निघण्याआधी उपग्रह नकाशावर वाई ते कऱ्हाड पात्र इंचाइंचाने बघा आणि प्रत्येक बंधारा, पूल, जॅकवेल (नदीतून पाणी उपसायची विहीर) खूण करून ऑफलाइन ठेवा. पावसाळ्यातली प्रतिमा असेल तर बंधारा बुडालेला असतो, कोरड्या महिन्यातली निवडा. खुणेच्या २०० मीटर आधी काठाला लागायचं, १०० मीटर आधी बोटीबाहेर. पाणी अचानक डोहासारखं थबकलं, जलपर्णीचा पट्टा दिसला, काठावर पंपांची रांग लागली, तर नकाशात काही नसलं तरी उतरून चालत बघून यायचं. बोट तीन किलोची आहे, उचलून पलीकडे नेण्यासाठीच ती घेतलीत ना!

पंपांवरून आठवलं. शेतीपंपांच्या केबल पाण्यात सोडलेल्या असतात, जोड उघडे असतात. पाण्यातली वायर, पाइप किंवा लोखंडी सांगाडा धरून थांबायचं नाही, उतरताना पंपापासून लांब उतरायचं. मासेमारीची नायलॉनची जाळी आडवी लावलेली असतात, वल्हं गुंतलं की चाकू लागतो (आणि जाळं कापलं तर गावात जाऊन सांगा, भरपाई द्या).

आडवाट_७ :
हे डोक्यातच नव्हतं. कऱ्हाडच्या पुढे सांगलीपर्यंत वाढवायचा विचार होता. मगरींचं कितपत खरं?

माहुलीघाट :
पूर्ण खरं. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत, थंडीत दुपारी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. फुगवलेल्या बोटीतून, काठावर मुक्काम करत तिथे जाऊ नये. कोकणात सावित्री आणि वाशिष्ठीलाही हेच लागू. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर बोटी गुंडाळा आणि एसटी पकडा.

आडवाट_७ :
कऱ्हाडलाच थांबतो. शेवटचं: दुरुस्ती आणि हवा. किती कडक फुगवायची?

टीपीयू_पंडित :
हवा भरायच्या पिशवीने भरता येईल तेवढी भरा, मग तोंडाने, फुगा अंगठ्याला जेमतेम दबेल इतकी. ही झाली पहिली हवा. आता बोट पाण्यात ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. उन्हात गरम झालेली हवा गार पाण्यात आकसते, बोट लिबलिबीत होते. पुन्हा तोंडाने भरा. हे वगळलं तर पहिल्याच लाटेत बोट मधे दुमडते आणि लोक बोटीला नावं ठेवतात.

उलट बाजूही आहे. कडक भरलेली बोट दुपारी तापलेल्या खडकावर ठेवली तर हवा फुगून शिवण उसवते. थांबलात की सावलीत ठेवा किंवा थोडी हवा सोडा. आपल्याकडे बोटी जास्त करून अशाच फुटतात.

फुग्यात सामान ठेवायची चेन असेल तर वाळूचा कण दातांत राहू देऊ नका, टोकापर्यंत घट्ट ओढा आणि चेनवाल्यांचं वंगण अधूनमधून लावा. सामान दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचं.

दुरुस्तीला टेअर-एड या चिकटपट्टीची टाइप ए, टीपीयूला तीच चालते, टाइप बी पीव्हीसीसाठी असते. ३० सेंमी पट्टी, कात्री, स्पिरिटचे पुसणे, सुई आणि जाड दोरा. जागा पूर्ण कोरडी करा, स्पिरिटने पुसा, पट्टीचे कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा आधी उचलतो), छिद्राच्या चारही बाजूंनी अडीच सेंमी पुढे जाईल अशी लावा, मधून बाहेर घासत हवा काढा. बोटभर लांब फाटलं असेल तर आधी टाके, मग पट्टी. ओल्यावर काहीच चिकटत नाही, म्हणून कोरडा पंचा वेगळ्या पिशवीत ठेवा.

धारेवरचा :
कुंडलिकेसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पहिल्या वेळी राफ्टिंगवाल्यांकडूनच एक सेफ्टी कायाकवाला दिवसभरासाठी ठरवा, पैसे मोजून. खळाळातून जायची वाट ठाऊक असलेला तो माणूस पुढे आणि उघड्या बोटींपैकी ज्याचं वल्हं पक्कं तो शेवटी, फेकपिशवीसह. डेकची बोट मधे. एका वेळी एकच बोट खळाळात, बाकीच्यांनी एडीत उभं राहून बघायचं. कुठली गाडी कुठे लावायची ते आदल्या दिवशी, आणि ११२, १०८ हे नंबर माहीत असलेला एक माणूस काठावर, कारण नदीच्या पात्रात रेंज येईलच असं नाही. त्याला सांगून ठेवायचं की अमुक वाजेपर्यंत बाहेर पडलो नाही तर फोन लाव.