डिंगोला बिस्कीट
मुलांच्या या गोष्टीबद्दल कुणीतरी लिहिलंय की त्यातली मुलगी डिंगोच्या (ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा) पिल्लाला बिस्कीट भरवते तो प्रसंग सगळ्यात गोड आहे, मला नेमका तोच खटकला. ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटावर (२०२३ पर्यंत नाव फ्रेझर आयलंड) डिंगोला खायला घालणं गुन्हा आहे, जबर दंड बसतो, कारण एकदा चटक लागली की ते माणसाच्या अंगावर येतात, २००१ मध्ये ९ वर्षांचा एक मुलगा डिंगोंच्या हल्ल्यात गेला आणि मग तीसेक डिंगो मारले, म्हणजे बिस्कीट कुणालाच लाभत नाही! बाकी गोष्टीत बुचुल्ला लोकांची (बेटाचे मूळ रहिवासी) कथा घेतलीय ते मात्र झकास, क्गारी नावाच्या देवीचंच बेट झालं आणि तळी म्हणजे तिचे डोळे. मुलांना हाच भाग आधी वाचून दाखवा.